देवचाफ्याचा तांबेरा

वर्षाऋतु लागला म्हणजे नांदेडास व लातुरास अंगणांतील देवचाफ्याचीं पानें पिवळीं पडूं लागतात. पान उलटून पाहावें, तों त्याच्या पाठीवरची नारिंगी भुकटी बोटास लागते. हाच तांबेरा. ही एक बुरशी असून तिचे सूक्ष्म बीजाणु वाऱ्यानें पसरतात व ओल्या पानावर रुजतात. पुढें झाड निष्पर्ण झालें कीं, ‘मेलें, तोडून टाका’ असा सल्ला शेजारी देतात.

लातुरास आमच्या धाकट्या बंधूंच्या दारचा चाफा आमच्या मातोश्रींनीं लाविलेला. १९९३ च्या भूकंपानंतर घर दुरुस्त झालें, त्या वर्षींचा तो. मातोश्रींच्या पश्चात् तो तोडण्याची भाषा निघाली, तेव्हां आम्हीं ‘नको’ म्हणून निक्षून सांगितलें. तांबेऱ्यानें चाफा सहसा मरत नाहीं. हिंवाळ्यांत तो एरवींही पानें टाकितोच.

वराहमिहिरानें बृहत्संहितेंत वृक्षायुर्वेदाचा अध्याय घातला आहे. झाडांमध्यें वीस हात अंतर उत्तम, बारा हात कनिष्ठ. आणि रोगी झाडाचें प्रथम शस्त्रानें शोधन, मग लेप, असा त्याचा क्रम आहे. चाफा मूळचा अमेरिकेंतला, त्यास वराहमिहिरानें पाहिला नसणार. तरी क्रम तोच लागू पडतो.

पानें झडलेलीं असतांना दाटीच्या फांद्या छाटाव्या, म्हणजे वारा खेळतो. चीक मात्र डोळ्यांत जाऊं देऊं नये. गळलेलीं पानें वेचून खोल पुरावीं. पाणी बुडाशीं द्यावें, पानांवर नव्हे. २०१६ सालीं मिरजेहून आगगाडीनें आलेलें पाणी प्यालेल्या लातूरकरांस ही काटकसर शिकवावयास नको.

पावसाच्या तोंडीं बोर्डो मिश्रण फवारावें. १०० ग्रॅम मोरचूद व १०० ग्रॅम कळीचा चुना प्लास्टिकच्या निरनिराळ्या भांड्यांत पांच-पांच लिटर पाण्यांत कालवून, गाळून, एकत्र करावा. त्यांत लोखंडी सुरी बुडवितां ती तांबूस झाली, तर चुना वाढवावा. मिश्रण ताजें वापरावें. पानांची पाठ विसरूं नये. हा उपाय निरोगी पानांचें रक्षण करितो, रोगट पान बरें करीत नाहीं. म्हणून तो आधींच योजावा. फवारलेलीं फुलें देवास वाहूं नयेत व मुलांच्या हातीं देऊं नयेत.

बंधूंनीं यंदा इतकेंच केलें. तांबेरा समूळ गेला नाहीं. परंतु पुष्कळ पानें दसऱ्यापर्यंत टिकलीं, आणि तोडण्याची गोष्ट घरांत पुन्हां निघाली नाहीं.