रात्रीपुरती जमीन

फिरत्या घरात सगळं असतं. ओटा, पलंग, न्हाणी, पाण्याची टाकी, गॅस, छतावर सोलर पॅनेल. फक्त उभं राहायला स्वतःची जमीन नसते. दिवसभर हे घर, म्हणजे आमची आरव्ही, रस्त्यावर धावते तोवर कुणापुढे शब्द टाकावा लागत नाही. दिवस कलला की मात्र ती कुणाच्या तरी हद्दीत, कुणाच्या तरी परवानगीने उभी करावी लागते. निवृत्तीनंतर मी आणि माझा नवरा न्यू जर्सीहून कॅलिफोर्नियातल्या लेकीकडे असेच जात-येत राहिलो. त्या वाटेवर ज्यांनी आम्हाला रात्रीपुरती जमीन दिली, त्यांच्याशी माझा काय ऋणानुबंध असेल कोण जाणे. पण ते ऋण आहे, आणि ते बोलून दाखवल्याशिवाय मला राहवत नाही.

आमचा रस्ता इंटरस्टेट ८०. न्यू जर्सीतल्या टीनेकपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत ११ राज्यं, सुमारे २,९०० मैल. दिवसाला तीनशे मैलांच्या पुढे जायचं नाही, असा आमचा नेम. दुपारचे तीन वाजले की नवरा गाडी चालवायचा आणि मी फोन घेऊन बसायची. वीज, पाणी आणि सांडपाण्याची सोय असलेली कॅम्पग्राउंडं वाटेत पुष्कळ आहेत. १९६२ साली माँटानातल्या बिलिंग्जला सुरू झालेली केओएची साखळी तर देशभर पसरली आहे. पण उन्हाळ्यात शनिवार-रविवारी ती भरलेली असतात, आणि नुसतं सहा तास झोपून पहाटे निघायचं तर तेवढे पैसे मोजायचं जिवावर येतं. मग उरतात दुकानांची पार्किंग, ट्रक स्टॉप, रस्त्यालगतचे रेस्ट एरिया आणि लहान गावांची उद्यानं. हे सगळं चालतं ते कुणीतरी ‘हो’ म्हणतं म्हणून.

वॉलमार्टच्या आवारात रात्री गाडी लावता येते, असा सर्वसाधारण समज आहे. खरं तर ते त्या त्या दुकानाच्या मॅनेजरवर आणि त्या गावाच्या नियमांवर अवलंबून असतं. म्हणून आधी फोन करून विचारायचं. परवानगी मिळाली तर एकच रात्र राहायचं, गाडीच्या सरकत्या भिंती बाहेर काढायच्या नाहीत, छत्री उघडायची नाही, खुर्च्या मांडायच्या नाहीत. ओहायोतल्या एका दुकानात फोन उचलला तो रात्रपाळीच्या मॅनेजरबाईंनी. त्या ‘हो’ म्हणाल्या आणि वर सांगितलं, “बागसामानाच्या बाजूला लावा. दुसऱ्या टोकाला पहाटे आवार झाडणारी गाडी येते, तिच्या आवाजाने तुमची झोप मोडेल.” परवानगी देणं हे त्यांच्या कामाचा भाग म्हणता येईल. आमच्या झोपेची काळजी करणं त्यांच्या कामात कुठेच बसत नव्हतं. रात्री आम्ही दूध-पाव घेतला, तेव्हा काउंटरवर त्यांची गाठ पडली. मी आभार मानले तर त्यांनाच संकोच वाटला.

सर्वांत मोठं ऋण मात्र नेब्रास्काचं. प्लॅट नदीच्या खोऱ्यात इंटरस्टेटपासून काही मैल आत गेलं की मक्याच्या शेतांमध्ये लहान लहान गावं लागतात. धान्याची उंच कोठारं, शेजारून धडधडत जाणाऱ्या मालगाड्या, आणि गावाच्या टोकाला एक उद्यान. यातल्या कित्येक उद्यानांत गावाने वाटसरूंसाठी विजेचे खांब उभे केलेले असतात. फाटकाशी लोखंडी पेटी आणि तिच्यावर कागदी पाकिटं. आपण आपलं पाकीट घ्यायचं, त्यावर गाडीचा नंबर लिहायचा, पैसे घालून पेटीत टाकायचं. राखायला कुणी नसतं.

जून महिना होता. अशाच एका उद्यानात आम्ही वीज जोडत होतो तेवढ्यात एक जुनी पिकअप शेजारी थांबली. ऐंशीच्या घरातले एक गृहस्थ उतरले. शेती मुलाच्या हाती सोपवून उद्यानाची देखभाल करत होते. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली, पेटीवरचं एक कोरं पाकीट घेतलं आणि त्यावर ठळक अक्षरांत काउंटीचं नाव लिहिलं. खाली चर्चचा रस्ता दाखवणाऱ्या दोन रेघा ओढल्या आणि ते पाकीट माझ्या हातात दिलं. “रेडिओवर वादळाचा इशारा देतात तो काउंटीचं नाव घेऊन. वाटसरूला आपण कुठल्या काउंटीत आहोत हेच माहीत नसतं,” ते म्हणाले. “हे नाव ऐकलंत तर गाडीत थांबू नका.” इतकी वर्षं अमेरिकेत राहूनही हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

ते नाव त्याच रात्री ऐकू आलं. आधी गारा, मग फोन किंचाळला, मग गावाचा भोंगा. आम्ही चपला शोधत होतो तोवर दारावर थाप पडली. तेच गृहस्थ, पिकअपचे दिवे लावून. “बूट घाला, औषधं घ्या, बाकी काही नको.” टोर्नेडोसारख्या वादळात आरव्हीइतकी धोक्याची जागा क्वचितच असेल, तिला ना पाया, ना धरून ठेवणारं काही. त्यांनी आम्हाला आणि शेजारच्या गाडीतल्या लहान मुलांच्या कुटुंबाला चर्चच्या तळघरात नेलं. तिथे घडीच्या खुर्च्या होत्या, भिंतींवर मुलांची चित्रं होती आणि कुणीतरी आधीच कॉफी ठेवली होती. ते स्वतः पुन्हा जिना चढून बाहेर गेले, उद्यानात आणखी कुणी राहिलंय का बघायला. वादळ शेतांवरून गेलं, गाव वाचलं.

सकाळी पाहिलं तर आमच्या छतावरच्या झरोक्याचं झाकण गारांनी फुटलेलं. दुपारी पुन्हा पावसाची लक्षणं होती. गृहस्थांनी घरून पत्र्याचा तुकडा कापून आणला, नातवाला शिडीवर चढवलं आणि झरोका पक्का बंद करून दिला. नवऱ्याने पाकीट काढताच त्यांनी हाताने थांबवलं. “काल पेटीत टाकलेत ना? मग झालं.”

माझं माहेर यवतचं. तुकोबांची पालखी देहूहून निघाली की लोणी काळभोरनंतर आमच्या गावी मुक्कामाला येते. यवतची पिठलं-भाकरी सगळ्या वारीत प्रसिद्ध आहे. त्या दिवशी गावभर चुली पेटतात, घराघरांतून भाकऱ्यांच्या चळती देवळाकडे जातात. आमच्या ओसरीवर वारकरी झोपायचे. आई कुणाचं गाव विचारायची नाही, जात तर नाहीच नाही. भाकऱ्या थापून तिचे हात सुजायचे. “त्यांच्या पायांनी आपली वारी होते,” असं ती म्हणायची. लहानपणी मला वाटायचं, आपण किती देतो! नेब्रास्काच्या त्या तळघरात मी ओसरीवर झोपणाऱ्यांच्या जागी होते. तिथे कळलं की घेणाऱ्यालाही काही सांभाळावं लागतं. ते वारकरी पहाटे उठून ओसरी झाडून जायचे. त्यांचा तो शिरस्ता होता म्हणूनच पुढच्या वारीला ओसरी पुन्हा उघडी असायची.

वायोमिंगमध्ये जागाच न मिळण्याची बाजूही पाहिली. इंटरस्टेट ८० चा सगळ्यात उंच माथा लॅरामीच्या अलीकडे आहे, ८,६४० फुटांवर. पलीकडे एल्क माउंटनच्या पायथ्याने जाणारा पट्टा वाऱ्यासाठी कुख्यात. १९७० साली तो खुला झाला. जुना हायवे ३० उत्तरेकडून, मेडिसिन बो गावावरून जायचा. इथला वारा पाहता रस्ता असा नेऊ नका, असं स्थानिक पशुपालक तेव्हाच सांगत होते. आम्ही लॅरामीला पोहोचलो तेव्हा रस्त्यावरच्या पाट्यांनी हलक्या आणि उंच गाड्यांना पुढची वाट बंद केली होती. ट्रक स्टॉप गच्च भरलेला. आमची गाडी उभ्या उभ्या हलत होती.

अशा वेळी ट्रकवाल्यांची जागा अडवायची नाही, हे आरव्हीवाल्याने पाळायलाच हवं. त्यांना नियमाने ११ तास गाडी चालवल्यावर १० तास सक्तीची विश्रांती घ्यावी लागते, आणि जागा कायम अपुऱ्या. जेसन रिव्हनबर्ग नावाचा न्यू यॉर्कचा ट्रकचालक मार्च २००९ मध्ये दूध पोहोचवायला वेळेआधी पोहोचला. थांबायला सुरक्षित जागा नाही म्हणून दक्षिण कॅरोलायनात एका बंद पडलेल्या पेट्रोलपंपावर ट्रक लावून थांबला, आणि सात डॉलरसाठी त्याचा खून झाला. त्याच्या पत्नीने, होपने, पाठपुरावा केला आणि २०१२ मध्ये ट्रकच्या पार्किंगसाठी ‘जेसन्स लॉ’ संमत झाला. रात्रीपुरती जमीन न मिळणं जिवावर कसं बेततं, हे त्या कुटुंबाला विचारावं.

आम्ही कडेला, डिझेलच्या पंपांपलीकडे, घुटमळत होतो. एक सरदारजी नुकताच आपला ट्रक लावत होता. फ्रेस्नोहून बदाम भरून पूर्वेकडे निघालेला. मला सलवार-कमीजमध्ये पाहून त्याने काच खाली केली. “बहनजी, थांबा.” त्याने ५३ फुटी ट्रेलर रांगेच्या टोकाला असा लावला की वाऱ्याच्या दिशेला भिंतच उभी राहिली, आणि तिच्या आडोशाला, जिथे कुठलाही ट्रक बसला नसता, अशा चिंचोळ्या जागेत टॉर्च दाखवत आमची गाडी घेतली. गाडीचं नाक वाऱ्याकडे ठेवा, सरकत्या भिंती आत राहू द्या, असं बजावलं. मी केलेली मुगाची खिचडी त्याने पोटभर खाल्ली. त्याने दिलेला चहा आम्ही सकाळपर्यंत पुरवला. आम्ही उठलो तेव्हा त्याची विश्रांती संपायची होती, म्हणून आवाज न करता निघालो.

अलीकडे ही दारं एकेक करून मिटू लागली आहेत. कुठे दुकानाच्या आवारात रात्री थांबायला मनाईची पाटी लागते, कुठे गाव आपलं उद्यान वाटसरूंना बंद करतं. कारणं बहुतेक ठिकाणी तीच. कुणी महिनाभर हलत नाही, कुणी कचरा टाकून जातं, कुणी डम्प स्टेशनपर्यंत जाण्याचा कंटाळा करून सांडपाण्याची टाकी गटारात सोडतं. अशा एका गाडीपायी मागून येणाऱ्या शेकडो गाड्यांची जागा जाते.

यावरून मला माझ्या आणखी एका धनकोचा पत्ता लागला. ओहायोच्या बाई आम्हाला ‘हो’ म्हणाल्या, कारण आदल्या रात्री तिथे थांबलेल्याने आवार स्वच्छ ठेवलं होतं. नेब्रास्काच्या त्या पेटीजवळ पहारा नव्हता, कारण आमच्याआधीच्या वाटसरूंनी प्रामाणिकपणे पाकिटं टाकली होती. आम्हाला कधीही न भेटलेल्या त्या माणसांनी आमची पत राखली होती. आम्ही त्यांच्या पुण्याईवर झोपलो.

नेब्रास्कातल्या त्या गावाच्या नावे उद्यानासाठी आम्ही चेक पाठवला, पण त्याने ऋण फिटलं असं मी मानत नाही. फेड एकाच वेळी करता येते, जागा सोडताना. निघण्याआधी नवरा खाली उतरून गाडीभोवती चक्कर मारायचा. तेलाचा थेंब, ब्रेडच्या पिशवीची चिमटी, दुसऱ्या कुणी टाकलेला कप, सगळं उचलायचा. मी पेटी असेल तर पाकीट पुन्हा एकदा नीट आत ढकललंय ना बघायची. उद्या येणाऱ्याला ‘हो’ म्हणताना त्या माणसाला आमच्यामुळे क्षणभरही विचार करावा लागू नये, एवढी परतफेड आमच्या हातात होती. ती आम्ही कुठेही चुकवली नाही.