यादीतला पहिला जिन्नस

माघ सरता सरता श्रीनगरला जाण्याचा बेत कायम झाला. मुक्कामाचा आणि खर्चाचा अदमास घेऊन मी सामानाची यादी करावयास बसलो, तेव्हा लोकरी मोजे, कानटोपी यांच्याही आधी पहिल्या ओळीत ‘चादर’ हा शब्द लिहिला गेला.

सोलापुरी चादरीशी माझा ऋणानुबंध बालपणापासूनचा. संक्रांतीच्या दिवसांत सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेवरून पेंगुळून परतल्यावर आई ती अंगावर घाली, आणि सुलट बाजूचा तांबडा मोर उलट बाजूस पांढरा कसा होतो हे न्याहाळता न्याहाळता माझा डोळा लागे. पुढे सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका पद्मशाली विणकराच्या घरी जकार्ड माग पाहिला, तेव्हा त्या मोराचे गुपित भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेत सापडले: जेथे भोक, तेथे ताण्याचा धागा उचलला जातो. शिक्षणासाठी पुण्यास निघालो तेव्हा वळकटीत चादरच होती. आईच्या अखेरच्या आजारात तिच्या गार पायांवरही चादरच होती.

ज्या शहराचा उन्हाळा ४० अंशांपलीकडे जातो, त्याने साऱ्या मुलखासाठी पांघरुणे विणावीत, यात मला सोलापूरचा स्वभाव दिसतो. याच शहरात १९१० साली जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस सप्टेंबर १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर युद्धग्रस्त चीनकडे निघाले. वाटेत चुंगकिंग येथे वडिलांच्या निधनाची वार्ता येऊनही मागे न फिरता, फेब्रुवारी १९३९ मध्ये, ऐन थंडीत, ते उत्तरेकडील येनानला पोहोचले, आणि परक्यांच्या जखमा बांधता बांधता डिसेंबर १९४२ मध्ये तिकडेच निवर्तले. त्यांच्या घराच्या स्मारकात गेलो की, परक्याची थंडी आपली मानणारे ते अंतःकरण याच मातीतले, या जाणिवेने मन भरून येते.

काश्मिरी लोक हिवाळ्याचे हप्ते मोजतात: चाळीस दिवसांचा चिल्लई कलान, वीस दिवसांचा चिल्लई खुर्द आणि शेवटचा दहा दिवसांचा चिल्लई बच्चा. आम्ही पोहोचू तेव्हा हा धाकटाच तेवढा उरलेला असेल. “बाबा, तिथे ऊब घ्यायला निखाऱ्यांची कांगडी असते, रजया असतात, सुती चादरीचं ओझं कशाला?” मुलीने विचारले. तिचे म्हणणे रास्त होते. तरीही मी ती ओळ खोडली नाही. ‘चादर’ या शब्दापुढे आकडा घातला: दोन. एक जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली, माझ्यासाठी. दुसरी कोरी, ज्या घरी उतरणार त्या घरासाठी.