पाटणचे चार तास

कोकणात उतरायला घाट पुष्कळ आहेत. पण ज्या सातारकराची सासुरवाडी चिपळूणला, त्याला कुंभार्लीचा घाट वर्षातून दोनदा तरी घडतोच. मला तो अठरा वर्षे घडत आहे. पाटण हे त्या वाटेवरचे आमचे चहाचे गाव. त्यापलीकडे माझी त्याची ओळख नव्हती. २०२४ च्या मे महिन्यात ती वाढली, आणि वाढवली ती मुठीत मावेल एवढ्या एका लोखंडी तुकड्याने.

आमची गाडी सोळा वर्षांची. खड्ड्यात गेली की पुढच्या डाव्या चाकाकडून ‘टक्’ असा आवाज दोन महिने येत होता. तो पहिल्यांदा ऐकला सौ.ने. “अहो, काहीतरी वाजतंय,” ती म्हणाली. “रस्ता खराब आहे,” मी म्हणालो. हे उत्तर महाराष्ट्रात कुठेही खपते. पुढे स्टेअरिंग सरळ धरले तरी गाडी किंचित डावीकडे ओढू लागली. तेव्हाही मी रस्त्यालाच दोष दिला. घरात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे पडले होते, गॅरेजात सबंध दिवस मोडतो... कारणांना काय तोटा!

उंब्रजहून मल्हारपेठेवरून पाटणला आलो. चहा झाला. हवा भरायला एका गॅरेजपुढे थांबलो, तर साठीला टेकलेले मिस्त्री चाकापाशी उकिडवे बसले आणि हवेची नळी बाजूला ठेवून टायरवरून तळहात फिरवू लागले.

“सर, ह्यो टायर एका कडेनंच खाल्लाय. आवाज येतोय का?”

“किंचित.”

“किंचित!” मागच्या सीटवरून सौ. म्हणाली. पुढे काही बोलली नाही, हेच मला जास्त लागले.

मिस्त्रींनी जॅक लावला. चाक वर-खाली धरून हलवले, काही नाही. मग डावी-उजवीकडून धरून हलवले. टक्, टक्. “बेअरिंग चांगलं हाय. टायरॉड एंड गेलाय. लई प्ले आलाय.” प्ले म्हणजे खेळ, हे मराठीच्या प्राध्यापकाला सांगायला नको, पण माझ्या दोन मुलांसह मी दोन महिने हा खेळ खेळत होतो, हे ध्यानात आले आणि घशाला कोरड पडली.

वाचकांपैकी अनेकांकडे गाडी असेल, म्हणून थोडे सांगतो. आपण चक्र फिरवतो, त्याने एक दातेरी पट्टी डावी-उजवीकडे सरकते. पट्टीच्या दोन्ही टोकांना दांडे, आणि दांड्याच्या शेवटी एका वाटीत बसवलेली पोलादी गोळी. चाक खड्ड्यात उसळो की आपटो, ही गोळी वाटीत फिरत राहते, म्हणून दांड्याला चाक वळवता येते. वरचे रबरी टोपण फाटले की धूळपाणी आत शिरते, ग्रीस सरते, वाटी झिजते. आणि गोळी एकदा वाटीतून निसटली की तुम्ही चक्र कितीही फिरवा, ते चाक तुमचे ऐकत नाही.

“चिपळूणला दाखवलं तर?” मी चाचरत विचारले.

“पोचलासा, तर दाखवाल की,” मिस्त्री म्हणाले. “हिला घिऊन घाट उतरायचा न्हाय, सर. पोरं हायत गाडीत.”

नवा एंड कराडहून यायचा होता. पैसे मोबाइलवरून क्षणात गेले. तुकडा मात्र आला एसटीने, वाहकाच्या हातून, साडेतीन तासांनी. तोवर आम्ही गॅरेजच्या पत्र्याखाली बाकावर. मुले आंब्याच्या सावलीला झोपली. मिस्त्रींचे वडील कोयना धरणाच्या कामावर ट्रक चालवीत. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा मिस्त्री कडेवरचे पोर. “मला काय आठवतंय? आई सांगायची. जमिनीतनं घुमल्यागत आवाज आला, तिनं मला उचललं, अंगणात आली, आन् मागं भिंत बसली. तवापासनं आमच्या घरात आवाज झाला की कुणी निजून ऱ्हात न्हाय.”

मी खाली मान घालून चहाचा रिकामा कप फिरवीत बसलो.

एंड आला आणि काम मात्र पाऊण तासात झाले. स्प्लिट पिन काढली, नट सुटला. गोळीची दांडी रुतून बसली होती, ती जिथे रुतली त्या आर्मच्या कडेवर नेमके हातोड्याचे ठोके घालून मोकळी केली. जुना एंड फिरवून काढताना आट्यांचे फेरे मोजायचे काम धाकट्याला दिले. सतरा. नवाही सतरा फेरेच बसवला, नाहीतर चाके वाकडी पाहू लागतात. वर मागच्या चाकापासून पुढच्यापर्यंत सुतळी ताणून पाहिली. “ह्ये आमचं गावठी माप. चिपळुणात मशिनवर अलाइनमेंट करून घ्या. घ्या म्हंजे घ्या.” जुना तुकडा त्यांनी माझ्या हातात ठेवला. त्याची गोळी म्हाताऱ्या माणसाच्या दातासारखी हलत होती.

उन्हे कलताना निघालो. हेळवाकला कोयना भेटते. महाबळेश्वरहून दक्षिणेला आलेली ही नदी इथे एकदम पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. धरणातले पाणी मात्र माणसाने बोगद्यातून सह्याद्रीच्या पोटात नेऊन पश्चिमेला फिरवले; पोफळीला त्याची वीज होते आणि मग ते वासिष्ठीतून चिपळूणकडे जाते. अठरा वर्षांत या वळणाकडे मी कधी नीट पाहिले नव्हते. त्या दिवशी गाडी थांबवून पाहिले.

घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो. एका वळणावर दरीतून करवंदांचा वास आला. खड्डे होते, तेवढेच होते, आवाज नव्हता. पोफळी आली तेव्हा दिवे लागले होते.

चिपळूणला सासूबाई दारातच उभ्या होत्या. “किती हो उशीर! दुपारपासून जेवणं झाकून ठेवलीत. झालं काय?”

मी तोंड उघडले, पण सौ. पिशव्या उतरवता उतरवता म्हणाली, “काही नाही गं आई. रस्ता खराब होता.”