सामाईक भट्टीचें गांव

बव्हेरियाच्या ईशान्येस, चेक सरहद्दीजवळ, विंडिशएशेनबाख नांवाचें लहानसें गांव आहे. येथें एखाद्या दारावर सहा टोकांचा तारा टांगलेला दिसला, कीं त्या घरची बिअर तयार झाली असें समजावें. हिलाच ‘झॉयगल’ म्हणतात. मद्यपानाचा पुरस्कार आम्हांस करावयाचा नाहीं. परंतु या चालीमागील सहकार पाहण्याजोगा आहे.

बिअर करण्याचा हक्क येथें मनुष्यास नसून घरास असतो. जवळच्या नॉयहाउसला तो 1415 सालीं मिळाला. मोड आणून वाळविलेल्या जवाचा रस हॉपच्या फुलांसह सामाईक भट्टींत सरपणावर उकळावयाचा, रात्रभर पसरट टाकींत निववावयाचा आणि आपापल्या तळघरांत नेऊन आंबवावयाचा. भट्टी एकच, पण आंबविण्याची रीत ज्याची त्याची, म्हणून प्रत्येक घरची चव निराळी! विक्रीच्या पाळ्या ठरलेल्या असल्यामुळें चढाओढीस वैराचें रूप येत नाहीं.

पूर्वीं अशीं गांवें पुष्कळ होतीं. आतां अवघीं पांच उरलीं आहेत. 2018 सालीं जर्मनीनें या चालीस सांस्कृतिक वारशांत स्थान दिलें. पण मान सरकार देईल. कढईखालीं लांकडें शेजाऱ्यांनींच घालावयाचीं. पाळी घेणारीं घरें घटलीं, कीं उरलेल्यांवर भार वाढतो, हें एकत्र कुटुंबांत नांदणाऱ्यांस सांगावयास नको.