दोन खाटांचा संसार

रायपूरच्या मोठ्या सरकारी इस्पितळाजवळच्या एका गल्लीत जुनी धर्मशाळा आहे. खेड्यापाड्यांतून येणाऱ्या रुग्णांचे नातेवाईक तिथं उतरतात. धर्मशाळेच्या तळमजल्यावर, पाण्याच्या टाकीला लागून असलेल्या खोलीत नाना आणि माई राहतात. दोन लोखंडी खाटा, गॅसची शेगडी, खिडकीत तुळस, भिंतीवर कालनिर्णय आणि शेजारी नातीचा फोटो. एवढाच त्यांचा संसार. साताऱ्याला त्यांचं स्वतःचं चार खोल्यांचं घर आहे. त्याला कुलूप आहे.

नाना एसटीच्या हिशेब खात्यातून निवृत्त झाले, माई प्राथमिक शाळेतून. निवृत्तीनंतर काय करायचं, हे माईंनी मनाशी कधीचंच ठरवून टाकलं होतं. साताऱ्याचेच डॉक्टर रामचंद्र गोडबोले आणि त्यांच्या पत्नी सुनीता १९९० साली बस्तरमधल्या बारसूरला जाऊन राहिले आणि आदिवासींची सेवा करू लागले, हे त्यांनी अनेकदा ऐकलं होतं. ‘आपण काही डॉक्टर नाही, पण लिहिता-वाचता तर येतं,’ असं त्या म्हणत. ही धर्मशाळा चालवणाऱ्या मंडळींना हिशेब सांभाळणारा आणि आल्यागेल्याची विचारपूस करणारा कुणीतरी हवा होता. पगार नाही, राहायला खोली. जेवणखाण आपल्या पेन्शनीतून. नाना एका अटीवर तयार झाले.

“एक वर्ष. एक दिवससुद्धा जास्त नाही. आणि गणपतीला घरी.”

“बरं,” माई म्हणाल्या. त्या गोष्टीला तीन वर्षं झाली.

पहिले दिवस कठीण गेले. ऐन मे महिन्यात दोघं उतरली. दुपारी खाटेचा लोखंडी दांडा हाताला चटका देई. बाजारात ज्वारीचं पीठ मिळेना. तीन वेळा भात खाऊन नानांचं पोट बिघडलं. शेवटी तात्यापाऱ्यातल्या एका मराठी घरातून पीठ मिळालं. भाकरीचा पहिला तुकडा मोडताना नानांचे डोळे भरून आले होते, पण त्यांनी ठसका लागल्याचं सांगितलं. इथली मराठी वस्ती भोसल्यांच्या काळापासूनची. १९३५ साली स्थापन झालेलं महाराष्ट्र मंडळ आजही नाटकं करतं, गणपती बसवतं. त्या लोकांमध्ये जाऊन बसलं की दोघांना घरी गेल्यासारखं वाटे.

भाषेचीही गंमतच. धर्मशाळेतल्या बायका माईंना ‘डोकरी दाई’ म्हणू लागल्या. माईंना फार लागलं. आपल्याकडे एखादीला डोकरी म्हणणं म्हणजे हेटाळणीच. चार दिवसांनी सफाईवाल्या बाईकडून कळलं, की छत्तीसगढीत डोकरी दाई म्हणजे आजी. नानांना ‘बबा’ म्हणत, म्हणजे आजोबा. मग मात्र कुणी नुसतं ‘दाई’ म्हटलं, की माई मागे वळून पाहत, ‘डोकरी’ कुठं गेली म्हणून.

त्यांचा दिवस पाचला सुरू होतो. माई मोठ्या पातेल्यात खिचडी चढवतात. नाना वही घेऊन इस्पितळाच्या खिडकीशी जातात. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे फॉर्म भरायचे, आयुष्मान कार्ड आहे का ते बघायचं, रक्तपेढी कुठं, एक्स-रे कुठं, ते दाखवायचं. कामं साधी, पण ज्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदाच तालुक्याबाहेर पाऊल टाकलंय, त्याला तीन मजल्यांची ती इमारत जंगलापेक्षा अवघड वाटते. संध्याकाळी माई औषधांच्या पुड्यांवर चित्रं काढून देतात. सकाळच्या गोळीवर सूर्य, रात्रीच्या गोळीवर चंद्र, जेवणानंतरच्या गोळीवर ताट. चाळीस वर्षं फळ्यावर काढलेली चित्रं अशी कामाला आली.

पण नानांचा स्वभाव हिशेबनिसाचा. नियम म्हणजे नियम. धर्मशाळेचं दार रात्री दहाला बंद होई आणि रजिस्टरात रुग्णाचं नाव, खाटेचा नंबर आणि रुग्णाशी नातं लिहिल्याशिवाय कुणाला आत घेत नसत. पहिल्याच हिवाळ्यात एका रात्री साडेदहाला दार वाजलं. एक बाई, कडेवर सहा-सात वर्षांचा मुलगा. मुलाला अजून खाट मिळाली नव्हती, त्यामुळे नंबर नव्हता. नानांनी खिडकीतूनच सांगितलं, “सकाळी या.” पहाटे माई दूध आणायला निघाल्या, तेव्हा ती दोघं पायरीवर एका लुगड्यात गुरफटून बसलेली. मुलगा हातपाय दुखतात म्हणून कण्हत होता.

माई नानांना एका शब्दाने बोलल्या नाहीत. तेच नानांना जास्त लागलं. त्या दिवसापासून दाराला आतून कडी लागत नाही. नानांनी दाराशीच आपली खाट ओढली.

त्या मुलाला सिकलसेल होता. छत्तीसगडमध्ये हा आजार पुष्कळ आढळतो. विदर्भातल्या वाचकांनाही तो नवा नाही. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि मग हाडं-सांधे असह्य दुखतात. थंडीनं किंवा पाणी कमी प्यायल्यानं दुखणं उसळू शकतं. पायरीवरच्या त्या रात्रीचा अर्थ नानांना डॉक्टरांच्या तोंडून कळला, तेव्हा ते दोन दिवस नीट जेवले नाहीत.

त्या बाईचं दुःख निराळंच होतं. सासरी सगळे म्हणत, “हिचंच रक्त वाईट.” आईबाप गेलेले, भाऊ नाही. तिनेही ते खरंच मानलं होतं. माईंनी पाटी घेतली. चार मुलं काढली. मग समजावलं, की हा दोष एकट्या आईकडून येत नाही. आई आणि वडील दोघांच्याही रक्तात तो अर्धा-अर्धा दडलेला असतो. त्यांना स्वतःला सहसा काही त्रासही होत नाही. अशा जोडप्याच्या प्रत्येक मुलाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक. नवऱ्याची तपासणी झाली, आणि पाटीवरचं खरं निघालं. तो मान खाली घालून बराच वेळ बसला. मग बायकोला म्हणाला, “चल, चहा पिऊ.” त्या दोन शब्दांत त्याने माफी मागितली, असं माईंना वाटलं.

मुलगा महिनाभराने घरी गेला. रोजच्या गोळ्या, भरपूर पाणी, थंडीत अंगभर कपडे, ताप आला तर थेट दवाखाना, हे सारं माईंनी कागदावर चित्रांनी लिहून दिलं. आजार जाणारा नाही, पण सांभाळता येतो. २०२३च्या जुलैत सरकारने सिकलसेल निर्मूलनाची देशव्यापी मोहीम सुरू केली, २०४७ हे तिचं उद्दिष्ट. नाना ते कात्रण रजिस्टरात जपून ठेवतात.

इकडे हे, तर तिकडे पुण्याहून मुलाचा फोन. रविवारी सकाळी ठरलेला.

“नाना, लोकांची पोरं सांभाळता. तुमची नात आईला ‘फोनवाली आजी’ म्हणते. काय उत्तर देऊ तिला?”

ह्यावर दोघांकडेही उत्तर नव्हतं. सून नोकरीवर जाते, नात पाळणाघरात. मुलाचं चूक म्हणावं, असं त्यात काहीच नव्हतं. फोन ठेवल्यावर माई पातेलं जरा जास्तच जोराने घासत.

घरापासून दूर जाऊन राहणारी ही काही पहिलीच माणसं नव्हेत. १८६८ साली ऑस्कर लोर नावाचे जर्मन मिशनरी बायको-मुलांसह अमेरिकेहून मुंबईला आले. नागपूरच्या पुढे तेव्हा रेल्वे नव्हती. तिथून रायपूरपर्यंत बैलगाडी. रायपूरच्या उत्तरेला त्यांनी विश्रामपूर वसवलं. १९०७ साली लोर वारले ते छत्तीसगडचेच होऊन. त्यांच्या धर्मप्रसाराबद्दल कुणाचं मत काहीही असो, शतकाच्या शेवटी दुष्काळ पडला तेव्हा पोरकी झालेली मुलं त्या गावाने सांभाळली. पुढे चांप्याला सदाशिव गोविंद कात्रे यांनी, स्वतः कुष्ठरोगाचं दुःख भोगलेल्या माणसाने, १९६२ साली कुष्ठरुग्णांसाठी संस्था उभारली. विदर्भातून आलेल्या दामोदर गणेश बापटांनी त्या कामात उभं आयुष्य घातलं. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१९ साली ते गेले. अमेरिकेतल्या मॉर्मन पंथात तर निवृत्त जोडपी स्वखर्चाने काही महिने ते दोन वर्षं परदेशी सेवेला जातात आणि मुदत संपली की घरी परततात. आपल्याकडे वानप्रस्थाची कल्पना फार जुनी. पण तिच्यात परतीचा दिवस नाही, आणि रविवारचा फोनही नाही.

गेल्या गणपतीची रेल्वेची दोन तिकिटं नानांनी दोन महिने आधीच काढली होती. या खेपेला परतायचं नाही, हेही जवळजवळ ठरलं होतं. माईंनी तुळस शेजारच्या चहावाल्याला देऊन टाकली होती.

गाडी संध्याकाळची. दुपारी दाराशी तीच बाई उभी राहिली. बरोबर मुलगा, वीतभर वाढलेला. हातात गाठोडं, गाठोड्यात कारली.

आपल्या हरतालिकेच्या दिवशी छत्तीसगडमध्ये तीजा असतो. लेकी माहेरी येतात. आदल्या रात्री कारल्याची भाजी आणि भात खातात, त्याला करू भात म्हणतात. मग दिवसभर निर्जळी उपास, आणि माहेरची नवी साडी. भाऊ नाहीतर बाप लेकीला न्यायला जातो. हिला न्यायला कोण जाणार? ती आपली आपणच आली होती.

“मोर मइके तो इहें हे, दाई,” ती म्हणाली. माझं माहेर तर इथंच आहे.

माई बांधलेल्या ट्रंकेकडे बघत राहिल्या. नाना काही न बोलता बाहेर गेले. टेबलाशी बसून त्यांनी रजिस्टर उघडलं. रुग्ण नसेल तर खोली नाही, हा नियम अजून कायम होता. त्यांनी चष्मा पुसला आणि आपल्या वळणदार अक्षरात भरायला सुरुवात केली. कुणासाठी आल्या : माई. खाट नंबर : दोन. नातं : मुलगी.

मग ते आत येऊन म्हणाले, “अगं, ती ट्रंक सोड. तुझी लुगडी काढ. मी एकटा जातो. गणपती बसवायला एक माणूस पुरतो. करू भात करायला मात्र आईच लागते.”

त्या रात्री माईंनी लेकीला करू भात वाढला आणि आपली न नेसलेली इरकल तिच्या अंगावर घातली. साताऱ्याला आरतीच्या वेळी नातीने विचारलं, “आजी का नाही आली?” नानांनी तिला मांडीवर घेऊन सगळं सांगितलं, पायरीवरच्या रात्रीसकट. मुलगा दारात उभा राहून ऐकत होता. तो काही बोलला नाही. निघताना मात्र त्याने विचारलं, “तिथं दिवाळीला जागा असेल का हो, आम्हा तिघांना?”

“रजिस्टरात लिहावं लागेल,” नाना म्हणाले.

आता असं ठरलंय, की पावसाळाभर पुण्याला नातीजवळ राहायचं. तीजा-गणपती झाले, की रायपूर. तीजाला लेकीनेच पुण्याला यायचं, तिचं तिकीट नाना काढणार. हिशेब अजून पुरता जुळलेला नाही. कुठंतरी कुणीतरी वाट पाहत राहणारच. पण चहावाल्याने तुळस परत आणून दिली आहे, आणि खोलीत दोन खाटांच्या मध्ये एक सतरंजी कायमची अंथरलेली असते.