अश्रू ठेवले, मुद्दा कापला!

आमच्या जिल्ह्यातल्या एका दैनिकाने वेबसाइटवर व्हिडिओ आणि ऑडिओ बातम्या सुरू केल्या, तेव्हा आम्हाला खरंच आनंद झाला. वस्तीतल्या कितीतरी आया-आज्यांना लिहितावाचता येत नाही. छापील पेपर त्यांच्यासाठी कायम मुकाच राहिला. आता नातवाच्या मोबाईलवर त्या बातमी ऐकू लागल्या.

पावसाळ्यात त्याच पेपरचा वार्ताहर आमच्या स्मशानभूमीच्या रस्त्याची बातमी करायला आला. गुडघाभर चिखलातून आम्ही प्रेत नेतो. एक आजी माइकसमोर सात-आठ मिनिटं बोलल्या. ठराव कधी झाला, रस्ता कुणी अडवला, ग्रामसेवक काय म्हणाला, सगळं सांगितलं. शेवटी त्यांना रडू आलं.

वेबसाइटवर आला तो एका मिनिटाचा व्हिडिओ. चिखल, करुण संगीत आणि आजींचं रडणं. रस्ता अडवणाऱ्यांबद्दल चकार शब्द नाही. आजींनी आम्हाला विचारलं, "माझं रडणं दाखवलं रं पोरांनो, पण म्या बोलले ते कुठं गेलं?"

मित्रांनो, या प्रश्नातच सगळं आलं. कॅमेरा वस्तीत आला, पण कात्री त्यांच्याच हातात राहिली. आमचं दुःख त्यांना चालतं, आमचा आरोप चालत नाही. दयेला व्ह्यूज मिळतात, हक्काच्या भाषेने जाहिरातदार दुखावतात.

हे नवं नाही. 1920 साली 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही छापायला 'केसरी'ने नकार दिला होता. म्हणूनच बाबासाहेबांनी स्वतःची पत्रं चालवली: 'मूकनायक', 'बहिष्कृत भारत', 'जनता', 'प्रबुद्ध भारत'. आणि ज्यांना ती वाचता येत नव्हती, त्यांच्यापर्यंत भीमराव कर्डकांसारख्यांचे जलसे विचार घेऊन गेले. आवाजाची ताकद आपल्या चळवळीला वेबसाइटच्या कितीतरी आधी कळली होती.

मग या पेपरांवर बहिष्कार टाकायचा का? आम्हाला तसं वाटत नाही. त्यांचा प्रेक्षक मोठा आहे, तिथे बोललंच पाहिजे. पण त्यांचा माइक चालू झाला की आपलाही मोबाईल चालू पाहिजे. त्या दिवशी आमच्या एका कार्यकर्तीने आजींचं पूर्ण बोलणं रेकॉर्ड केलं होतं. ते आम्ही तहसीलच्या अर्जाला जोडलं, विहारात सगळ्यांना ऐकवलं आणि संपादकांनाही पाठवलं. संपादकांचं उत्तर अजून आलेलं नाही.

आजींचं बोलणं मात्र आता आमच्याकडे आहे. अख्खं. न कापलेलं.

जय भीम!