वाळवंटात मोजायचं काय?

बालमित्रांनो, एक गंमत करा. डोळे मिटा आणि ‘वाळवंट’ हा शब्द मनातल्या मनात म्हणा. काय दिसलं? वाळू. आणखी? उंट. आणखी?... बस्स! हो ना?

आमच्या शाळेतल्या मुलांचंही असंच झालं होतं. थरच्या वाळवंटात शिबिराला निघण्याआधी मी फळ्यावर यादी करायला घेतली, तर वाळू, उंट, ऊन आणि निवडुंग एवढ्यावरच गाडी अडली. मागच्या बाकावरून आठवीतला एक जण म्हणाला, "बाई, चार दिवस तिथे मोजायचं तरी काय? वाळूचे कण?" सगळा वर्ग खो खो हसला. मीसुद्धा हसले.

मोजायचे होते पक्षी! दर वर्षी फेब्रुवारीत चार दिवस जगभरातली माणसं आपापल्या परिसरातले पक्षी मोजतात. ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ असं या गणनेचं नाव. १९९८ साली अमेरिकेत तिची सुरुवात झाली आणि २०१३ पासून भारतातही ती होते. पक्ष्यांचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ मूठभर, ते कुठे कुठे पुरणार? म्हणून तुमच्याआमच्यासारख्यांनी केलेल्या नोंदी एकत्र करायच्या. कोणता पक्षी कुठे टिकून आहे आणि कुठे कमी होतोय, हे त्यातून कळतं. २०२३ साली ही गणना १७ ते २० फेब्रुवारीला होती. आम्ही तेच दिवस गाठले. सातवी ते नववीची ३४ मुलं आणि आम्ही तीन शिक्षक.

जोधपूरपर्यंत रेल्वे, पुढे बस. रस्त्याच्या दोन्ही बाजूंची हिरवळ हळूहळू विरळ झाली, झाडं बुटकी झाली आणि संध्याकाळच्या उन्हात लांबून जैसलमेरचा किल्ला दिसला. पिवळ्या दगडाचा, खरोखरच सोन्यासारखा! रावळ जैसल या राजाने ११५६ साली हे शहर वसवलं. किल्ल्यात आजही लोक राहतात, कपडे वाळत घालतात, मुलं क्रिकेट खेळतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही शहराजवळच्या आकल गावी गेलो. तिथे उघड्या माळावर झाडांचे ओंडके पडलेले आहेत. एकाने हात लावला आणि ओरडला, "अरे, हा तर दगड आहे!" खरंच, ते लाकडाचे झालेले दगड होते. सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वी इथे घनदाट जंगल होतं. झाडं गाळाखाली गाडली गेली आणि त्यांच्यात खनिजं मुरत मुरत त्यांचा दगड झाला. आज त्याच जागी वर्षाला जेमतेम वीस सेंटिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आपल्या महाबळेश्वरला पाचशे सेंटिमीटरहून जास्त पडतो. करा बरं तुलना!

आमचे तंबू होते समच्या वाळूच्या टेकड्यांपासून थोडे दूर, एका छोट्या गावाबाहेर. आमचे वाटाडे तिथलेच एक वयस्कर गृहस्थ. तिकडे वडीलधाऱ्यांना ‘काकोसा’ म्हणतात, म्हणून तेही आम्हा सगळ्यांचे काकोसा झाले. पांढऱ्या मिशा, डोक्याला केशरी साफा. बोलणं कमी, पाहणं जास्त.

पहिला धडा पाण्याचा. काकोसांनी एक अरुंद विहीर दाखवली. तिला तिकडे ‘बेरी’ किंवा ‘कुंई’ म्हणतात. वाळूखाली काही ठिकाणी जिप्समचा थर असतो. पावसाचं मुरलेलं पाणी त्या थरावर अडतं, खालच्या खाऱ्या पाण्यात मिसळत नाही. वाळूत नुसती ओल राहते. विहीर खणली की ती ओल थेंब थेंब झिरपून तळाशी जमते. या पाण्याला तिकडचे लोक ‘रेजाणी पाणी’ म्हणतात. अनुपम मिश्र यांनी ‘राजस्थान की रजत बूंदें’ या पुस्तकात अशा पाण्याची सगळी हकिगत लिहिली आहे. हे ऐकल्यावर ताटं वाळूने घासायला कुणी कुरकुर केली नाही!

आमच्या हुशार मंडळींना मात्र वाळवंटातून पाणी ‘काढायचं’ होतं. त्यांनी गुडघाभर खड्डा खणला, मध्ये पेला ठेवला, वर प्लॅस्टिकचा कागद ताणला आणि पेल्याच्या बरोबर वर एक खडा ठेवला. वाळूतल्या ओलीची वाफ होऊन कागदाला थेंब धरतात आणि पेल्यात पडतात. प्रयोग अगदी बरोबर होता. पण संध्याकाळी पेल्याचा तळसुद्धा नीट भिजला नव्हता. काकोसा गालातल्या गालात हसले. "खणताना जेवढा घाम गेला, तेवढं तरी मिळालं का?" म्हणजे पाणी सोबत न्यायचं, आणि तहान लागली की प्यायचं. बाटली जपून ठेवून चक्कर येऊन पडण्यात शहाणपणा नाही.

दुसरा धडा वाट चुकल्यावर काय करायचं याचा. प्रत्येकाच्या गळ्यात एक शिट्टी होती. चुकलात की थांबा. बसा. तीन वेळा शिट्टी वाजवा, जरा थांबा, पुन्हा तीन वेळा वाजवा. मदत हवी असल्याची ही खूण अनेक ठिकाणी ओळखतात. "आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे," काकोसा म्हणाले, "पुढे चालत सुटायचं नाही. वाळवंटात चुकलेला माणूस चालत राहिला की आणखी चुकतो."

तिसरा धडा मोजण्याचा. एका जागी पंधरा मिनिटं गुपचूप उभं राहायचं. जे दिसलं आणि ज्याची ओळख पटली, तेवढंच लिहायचं. पहिल्या पाच मिनिटांत मुलांच्या वहीत भोपळा होता! मग कुणाला होला दिसला, कुणाला तुरेवाला चंडोल. बाभळीच्या काट्यावर खाटीक बसला होता. वर आभाळात पांढरं गिधाड घिरट्या घालत होतं. एक खेजडीचं झाड तर चिमण्यांनी भरलेलं होतं. खेजडी म्हणजे आपली शमी, दसऱ्याला पूजतो तीच. तिच्या शेंगांची, म्हणजे सांगरीची भाजी आम्ही रोज चापून खाल्ली. याच झाडांसाठी १७३० साली जोधपूरजवळच्या खेजडली गावात अमृतादेवींसह ३६३ बिश्नोई माणसांनी प्राण दिले होते. ती गोष्ट ऐकल्यावर मुलं बराच वेळ त्या झाडाकडे बघत राहिली.

आता मला माझी एक चूक सांगायची आहे.

१८ तारखेची संध्याकाळ. महाशिवरात्र होती. दुपारी काकोसांनी वाळूवरचे ठसे वाचायला शिकवले होते. ठसे वाचणाऱ्या माणसांना तिकडे ‘पागी’ म्हणतात. काळ्या भुंगेऱ्याची चाल शिवणीच्या टाक्यांसारखी उमटते. वाळवंटी उंदराच्या उड्या दोन दोन ठिपक्यांत दिसतात. मुलं अगदी वेडावून गेली होती. सूर्य मावळला. पश्चिमेला शुक्र चमकू लागला आणि त्याच्या वर गुरू. मुलं शेकोटीभोवती जमली. दर संध्याकाळी हजेरी घ्यायचं काम माझं. मी नजर फिरवली. गलका तर नेहमीसारखाच होता. मी वहीत लिहिलं, ‘३४’.

मित्रांनो, मी मोजलंच नव्हतं!

अर्ध्या तासाने जेवणाची ताटं मांडली, तेव्हा दोन उरली. नववीतल्या दोघी मुली नव्हत्या. माझ्या पोटात गोळा आला. चंद्र नव्हता, अंधार दाटला होता. दिवसाचे ठसे वाऱ्याने केव्हाच पुसले होते. मोबाइलला रेंज नव्हती. काकोसांनी सगळ्यांना गप्प बसायला सांगितलं, अगदी चिडीचूप. आम्ही कान देऊन ऐकू लागलो. एक मिनिट गेलं, दोन गेली. मला ती दोन तासांसारखी वाटली. आणि मग लांबून, अगदी बारीक आवाज आला. तीन शिट्ट्या.

काकोसा आणि आमचे सर कंदील घेऊन निघाले. वाटेत थांबत, पुन्हा ऐकत. वीस मिनिटांनी दोघींना घेऊन आले. भुंगेऱ्याच्या ठशांमागे जाता जाता दोघी दोन टेकड्या ओलांडून गेल्या होत्या. मागे वळून बघतात तर सगळ्या टेकड्या सारख्याच!

गरम दूध पिता पिता त्यांनी सगळं सांगितलं. त्यांना आकाशात ध्रुवतारा सापडला होता. एक म्हणाली, "उत्तर कळली, चल जाऊ." दुसरी म्हणाली, "अगं, उत्तर कुठे आहे ते कळलं. तंबू कुठे आहे ते कुठे कळलं?" आणि दोघी वाळूवर बसून शिट्टी वाजवू लागल्या. ‘आपल्याला ठाऊक नाही’ हे तिने वेळेवर ओळखलं, म्हणून दोघी सापडल्या. आणि मी? न मोजताच ३४ लिहून मोकळी झाले होते. त्या रात्री सगळ्या मुलांसमोर मी वहीतला तो आकडा खोडला आणि झालेली चूक सांगितली. वर्गात चुकीबद्दल छडी उगारणं सोपं असतं, पण स्वतःची चूक सांगताना घसा कोरडा पडतो बरं का!

मग वातावरण हलकं व्हावं म्हणून सरांनी सगळ्यांना ध्रुवतारा दाखवला. हात लांब करून मूठ धरली की आकाशात ती साधारण दहा अंश झाकते. पुण्यात क्षितिजापासून ध्रुवतारा दोन मुठींपेक्षा थोडा खाली दिसतो. इथे मात्र जवळजवळ तीन मुठी वर होता. आपण पृथ्वीच्या गोलावरून उत्तरेकडे आलोय, हे मुलांनी स्वतःच्या मुठीने मोजलं.

१९ तारखेला आम्ही परवानगी घेऊन मरुभूमी राष्ट्रीय उद्यानात गेलो. ३१६२ चौरस किलोमीटरचं हे उद्यान म्हणजे माळढोकाचं घर. तिकडे त्याला ‘गोडावण’ म्हणतात. तो राजस्थानचा राज्यपक्षी. उंची मीटरभर, नराचं वजन पंधरा किलोपर्यंत. उडणाऱ्या पक्ष्यांत इतके वजनदार फार थोडे. एके काळी तो आपल्याकडेही पुष्कळ दिसायचा. सोलापूरजवळचं नान्नजचं अभयारण्य त्याच्यासाठीच केलं गेलं. आता निसर्गात माळढोक फार थोडे उरले आहेत. मादी वर्षाला बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. त्यात माळरानं घटली आणि विजेच्या तारा वाढल्या. डोळे डोक्याच्या बाजूंना असल्यामुळे समोरची तार त्याला वेळेवर दिसत नाही, आणि एवढं जड अंग ऐन वेळी वळवता येत नाही. म्हणून २०१९ पासून सम इथल्या केंद्रात माळढोकाची पिल्लं जपून वाढवली जात आहेत.

सकाळभर आम्ही डोळे ताणून बघत होतो. चिंकारे दिसले, वाळवंटी कोल्हा दिसला. माळढोक नाही. ऊन चढलं, लांबची जमीन पाण्यासारखी लवलवू लागली. तेवढ्यात एकाने बोट दाखवलं, "तो बघा! माळढोक!" हाच तो, वाळूचे कण मोजायचे का असं विचारणारा. खूप दूर, गवतात काहीतरी उंच, तपकिरी हललं. दुर्बीण रोखेपर्यंत ते दिसेनासं झालं.

एकच गलका उठला. "लिहा, लिहा!" "मीही पाहिला!" "मान लांब होती!" एकाने तर हात वर करून मतदान घ्यायला सुरुवात केली. मनातून मलाही वाटत होतं, असेलच माळढोक. इतक्या लांबून आलेल्या मुलांना एवढा आनंद मिळाला तर काय बिघडलं?

पण ज्याने बोट दाखवलं होतं, तोच गप्प झाला. वहीवर पेन्सिल टेकवून थोडा वेळ उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "बाई, नको लिहायला. मी नीट पाहिलंच नाही. ते कालच्या ३४ सारखं होईल."

क्षणभर कुणी काहीच बोललं नाही. मग सगळे हसले, मीच सगळ्यात आधी! आम्ही माळढोक लिहिला नाही. काकोसांनी त्या मुलाच्या पाठीवर हात ठेवला. "नसलेला गोडावण कागदावर लिहिला," ते म्हणाले, "तर लोक म्हणतील, आहेत की भरपूर! मग असलेल्यांना कोण जपेल?"

चार दिवसांत आमच्या यादीत एकवीस जातींचे पक्षी जमले. जैसलमेरला परतल्यावर रेंज मिळाली तशा आम्ही सगळ्या नोंदी पाठवून दिल्या. शाळेत आल्यावर फळ्यावर पुन्हा तीच यादी केली. या वेळी फळा पुरला नाही! निवडुंग मात्र खोडावा लागला, कारण तो कुणालाच दिसला नव्हता.

तुम्हालाही हे करता येईल. त्यासाठी जैसलमेरला जायला नको. येत्या फेब्रुवारीत गणनेच्या दिवशी गच्चीवर, अंगणात नाहीतर शाळेच्या मैदानात आईबाबांना घेऊन पंधरा मिनिटं उभे राहा. कावळा, चिमणी, साळुंकी, जे दिसेल ते मोजा. ओळख पटली नाही तर तसं सांगा. माळढोक दिसला नाही म्हणून हिरमुसू नका.

आणि हो, अलीकडे सहलीला गेलं की मी मुलांना एकेकाच्या डोक्याला हात लावून मोजते. मुलं हसतात. हसू देत!